छोट्या लेथवर घरचं इंडेक्सिंग: २४ भोकं, ५० रेषा, ३६ दाते आणि पुढे १२७

(फोरमवरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. इंडेक्सिंग म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडणं.)

ब्राइट बार

१८० मिमी स्विंगचा (एवढ्या व्यासाचा जॉब फिरू शकतो असा) बेंच लेथ आहे. स्पिंडलचा बोअर २० मिमी, चेंज गिअर (आट्यांची पिच बदलायचे सुटे गिअर) मॉड्यूल १ चे (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप), त्यांत ५०, ६० आणि ८० दात्यांचे आहेत. तीन कामं समोर आहेत: एका फ्लँजवर २४ भोकं, क्रॉस स्लाइडच्या डायलवर ५० रेषा आणि ३६ दात्यांचा एक गिअर. पुढे इंची आटे पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागेल असं वाटतं. तयार डिव्हायडिंग हेड (समान भाग पाडून देणारं साधन) घ्यायचं नाही, सगळं लेथवरच बनवायचं आहे. सुरुवात कुठून करावी? आणि चूक नेमकी कुठे आणि किती शिरते, ते आकड्यांत सांगितलंत तर फार मदत होईल.

साठ दाती

सुरुवात चेंज गिअरपासूनच करा. हातात असलेली ती सगळ्यात अचूक इंडेक्स प्लेट आहे. ६० चा गिअर स्पिंडलच्या मागच्या टोकाला बसवला की २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० आणि ६० हे भाग थेट मिळतात. तुमच्या ५० रेषांसाठी ५० चा गिअर आहेच.

गिअर बसवायला फुगणारा मँड्रेल (बोअरमध्ये फुगून घट्ट बसणारी दांडी) लागतो. ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलची दांडी) १९.९५ मिमीला टर्न करा, बोअरमध्ये जाणारा भाग ५० मिमी लांब ठेवा. बाहेरच्या बाजूला गिअरच्या बोअरइतकी पायरी आणि तिच्यामागे खांदा. पायरी आणि १९.९५ चा भाग एकाच सेटिंगमध्ये करा. जॉब उलटा धरून केलात तर दोन्ही एका अक्षावर राहणार नाहीत. मधून ८.२ मिमीचं आरपार भोक. आतल्या तोंडाला कंपाउंड (टूलची वरची, कोनात फिरणारी स्लाइड) १० अंश फिरवून शंकू बोअर करा आणि त्याच सेटिंगवर जुळणारा नर शंकू टर्न करून त्यात एम८ चे आटे पाडा. मग तोंडापासून ३० मिमी खोल दोन आडवेउभे काप हॅकसॉने द्या. काप जिथे संपणार तिथे आधी ४ मिमीची भोकं पाडून ठेवा, म्हणजे तिथून तडा जात नाही.

१० अंशच का? त्याहून बराच निमुळता शंकू घट्ट रुतून बसतो, बोल्ट सैल केला तरी सुटत नाही. १० अंशाचा शंकू बोल्टच्या डोक्यावर हलका ठोका दिला की मोकळा होतो. नर शंकू बोल्टबरोबर फिरू नये म्हणून त्यात ३ मिमीची पिन बसवून ती एका कापात अडकवा. ही पिन विसरली तर मँड्रेल ना घट्ट होतो, ना सुटतो.

आता प्लंजर, म्हणजे गिअरच्या दोन दात्यांमधल्या गाळ्यात शिरून त्याला जागी धरणारी खीळ. १० मिमी सिल्व्हर स्टीलची दांडी, रीम केलेल्या भोकात, गाइडची लांबी किमान ३० मिमी. टोकाला पाचर घासायची: दोन्ही बाजू मिळून ४० अंश, टोकाची सपाटी ०.८ मिमी. मॉड्यूल १ च्या गाळ्यात अशी पाचर दोन्ही बाजूंना टेकते आणि तळाशी साधारण ०.२ मिमी मोकळी राहते. सपाटी ०.५ केली तर ती आधी तळाला टेकेल आणि गिअर आजूबाजूला हलत राहील. प्लंजर गिअरच्या केंद्राकडेच रोखलेला हवा आणि स्वतःभोवती फिरायला नको, त्यासाठी दांडीवर लांब खाच आणि तिच्यात शिरणारा स्क्रू.

एक गोष्ट ठळकपणे: प्लंजर गुंतलेला असताना मशीनचा प्लग भिंतीतून काढलेला असलाच पाहिजे. काम संपलं की मँड्रेल काढून ठेवा. स्पिंडलच्या मागे लोंबणारा गिअर घेऊन लेथ चालवू नये.

मायक्रोमीटर

वरच्या पोस्टला एक जोड. प्लंजरचं काम जागा दाखवणं, कटिंगचा जोर सोसणं नव्हे. जोरासाठी वेगळं लॉक करा. मँड्रेलच्या खांद्यावर बसणारी, एका बाजूने काप दिलेली कॉलर, एम६ बोल्टने आवळणारी, आणि तिचा हात ३ मिमी जाड रुंद पट्टीचा, ब्रॅकेटला पक्का. पट्टी स्पिंडलच्या अक्षाला काटकोनात उभी ठेवा. म्हणजे फिरण्याच्या दिशेत ती ताठ असते आणि अक्षाच्या दिशेत थोडी वाकते, त्यामुळे आवळताना स्पिंडल सरकत नाही. क्रम नेहमी हाच: प्लंजर आत, लॉक घट्ट, मग कट.

चुकीचा आकडाही घ्या. गिअर मँड्रेलवर ०.०२५ मिमीने केंद्राबाहेर असेल, म्हणजे डायल गेजवर (बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकावर) एकूण ०.०५ दिसत असेल, तर ३० मिमीच्या पिच त्रिज्येवर कोनातली चूक ०.०४८ अंशापर्यंत जाते. २० मिमी त्रिज्येच्या जॉबवर ती ०.०१७ मिमी होते. शेजारशेजारच्या भोकांत ही चूक जाणवतही नाही, समोरासमोरच्या भोकांत दुप्पट होऊन दिसते. म्हणून फ्लँज १८० अंश फिरवून बसवला तर बोल्ट शिरत नाहीत, आणि लोक दोष ड्रिलला देतात. गाळ्यांत बारीक पिन ठेवून मँड्रेलवरच डायल लावून बघा. गिअर पायरीवर सैल असेल तर नवी पायरी टर्न करा.

ब्राइट बार

५० समजलं. पण २४ ला ६० मधून २.५ दाते येतात आणि ३६ ला १.६६. तिथे काय करायचं?

साठ दाती

एकाच ब्रॅकेटवर दोन प्लंजर, दुसरा अर्ध्या दात्याने सरकवलेला. ६० चे १२० होतात, २४ साठी दर वेळी पाच अर्धे दाते. तीन प्लंजर एक तृतीयांशाने सरकवले तर १८० मिळतात आणि ३६ साठी पाच-पाच पावलं. तीन प्लंजर जुळवणं मात्र जिकिरीचं आहे. ३६ साठी पुढे वर्मवर (आटे असलेला स्क्रू आणि त्यात गुंतणारं दात्यांचं व्हील) जाणं बरं.

अर्धा दाता बरोबर अर्धाच आहे हे असं तपासा: चकमध्ये आडवा बार धरा, केंद्रापासून १०० मिमीवर डायल गेज टेकवा. अर्धं पाऊल म्हणजे ३ अंश, डायलवर सुमारे ५.२ मिमी. पहिल्या प्लंजरवरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्याच्या पुढच्या दात्यावर, ही दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. मधल्या स्थितीत बार गेजच्या दांडीला काटकोनात ठेवला तर दोन्हीकडची वक्रतेची चूक सारखी होऊन निघून जाते. फरक दिसला तर दुसऱ्या प्लंजरचं गाइड फरकाच्या अर्ध्या कोनाइतकं सरकवा. गाइडची भोकं म्हणूनच लांबट ठेवायची.

तिरपी खाच

२४ साठी एक अगदी वेगळी पद्धत आहे आणि मला ती गिअरपेक्षाही आवडते, कारण तिला कुठलीही मूळ प्लेट लागत नाही. एका गोल गाभ्याभोवती सारख्या जाडीचे २४ रोलर एकमेकांना टेकवून बसवायचे. ते सगळे टेकले की भाग आपोआप समान होतात. ६ मिमीच्या डॉवेल पिन घेतल्या तर

गाभ्याचा व्यास = पिनचा व्यास × (१ ÷ साइन (१८० ÷ संख्या) − १)

२४ साठी ३९.९७ मिमी येतो, २१ साठी ३४.२६. पण पिनचा व्यास ६.००० धरू नका. एम६ टॉलरन्सच्या (इथे एम६ म्हणजे बोल्ट नव्हे, व्यासाच्या अचूकतेचा वर्ग) ६ मिमी पिन ६.००४ ते ६.०१२ च्या दरम्यान असतात. एकाच डब्यातल्या घ्या, मोजा आणि तो आकडा सूत्रात घाला. ६.००८ असेल तर गाभा ४०.०२ होतो. आकड्यावर थेट जाऊ नका: ४०.२ वर थांबा, चक न सोडता पिन भोवती रबराने बांधा, उरलेली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. फटीच्या जवळपास एक तृतीयांश व्यास कमी करायचा. फट ०.३ असेल तर ०.१. गाभा लहान झाला की शेवटची पिन शिरत नाही आणि मागे फिरता येत नाही, म्हणून शेवटचे कट ०.०२ चे.

पिन बसल्या की बाहेरून साधारण ५२ मिमी बोअरची, पिनांवर जेमतेम शिरेल अशी रिंग, तळाला प्लेट, आणि रिटेनिंग कंपाउंडने चिकटवून टाका. रिंगची उंची पिनच्या निम्मी ठेवा, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात प्लंजरची पाचर दोन पिनांच्या मध्ये शिरते आणि दोघींना टेकते.

सहा जबडे

भोकं पाडायची कशी यावर कुणी बोललं नाही. स्पिंडल लॉक केल्यावर ड्रिल फिरवायला क्रॉस स्लाइडवर स्वतंत्र ड्रिलिंग स्पिंडल हवा. १२ मिमी शँकचा ईआर११ कोलेट होल्डर (ड्रिल पकडणारा), दोन ७००१ बेअरिंग आणि ४०×४०×७० चा ॲल्युमिनियमचा ठोकळा. ७००१ म्हणजे १२ आतून, २८ बाहेरून, ८ रुंद.

ठोकळ्याचा बोअर लेथवरच करायचा, त्यातच सगळी गंमत आहे. ठोकळा टूलपोस्टच्या जागी क्रॉस स्लाइडवर बोल्ट करा, दोन सेंटरमध्ये बोरिंग बार धरा आणि कॅरेज सरकवून बोअर करा. भोक आपोआप सेंटरच्या उंचीवर आणि बेडला समांतर येतं, शिम लावायची गरज राहत नाही. ठोकळा नंतर त्याच जागी परत यावा म्हणून बोअर करण्याआधीच दोन डॉवेल बसवा.

बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवा. मधल्या दोन बाह्या, आतली आणि बाहेरची, एकाच सेटिंगमध्ये फेस करून सारख्या लांबीच्या करा, मग आतली ०.०१ ने लहान करा. मागचा नट आवळला की तेवढाच प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) येतो. जास्त घेतलात तर पाच मिनिटांत हाउसिंग हाताला चटका देईल.

पाडताना सगळी भोकं आधी २ मिमीच्या सेंटर ड्रिलने उमटवून घ्या, क्रॉस स्लाइड लॉक करून. दुसऱ्या फेरीत ड्रिल, तिसऱ्या फेरीत रीमर. एकेक भोक पूर्ण करत गेलात तर दर वेळी टूल बदलताना ठोकळा हलण्याची भीती असते. आणि लांब ड्रिल धरू नका, कोलेटबाहेर भोकाच्या खोलीपेक्षा ५ मिमी जास्त पुरे.

वर्म आणि व्हील

३६ आणि त्यापुढचं सगळं वर्मवर. मॉड्यूलचा हॉब (दाते पाडणारं, आट्यांच्या आकाराचं कटर) नसेल तर टॅपने व्हील कापता येतं. एम१४×२ टॅप आणि ६० दाते घ्या. पिच व्यास ६० × २ ÷ ३.१४१६ = ३८.२० मिमी. बाहेरचा व्यास ३९.५.

इथेच बहुतेक व्हील बिघडतात. ३९.५ च्या गुळगुळीत चकतीला टॅप लावून मोकळं फिरू दिलं तर टॅप बाहेरचा परीघ पकडतो: १२४.१ मिमी, भागिले २, म्हणजे ६२. दाते ६२ पडायला लागतात. खोल जाताना पिच जुळत नाही, दाते एकमेकांवर चढतात, आणि शेवटी ६१ किंवा ६२ पातळ दात्यांचं काहीतरी हातात येतं. उपाय एकच: आधी ६० खाचा पाडून ठेवायच्या. त्यासाठी तुमचा ६० चा चेंज गिअर आहेच. ६० अंशाचं व्ही कटर ड्रिलिंग स्पिंडलमध्ये धरा, स्पिंडल २.९ अंश तिरपा करा (१४ च्या आट्याचा पिच व्यास १२.७ आणि पिच २, त्यावरून हा कोन येतो), खोली ०.८ मिमी. पूर्ण दाता सव्वा मिमीच्या आसपास असतो, म्हणजे टॅपला पकडायला वाट मिळते आणि शेवटचा आकार तोच देतो.

तिरपं करताना दिशा आधी कागदावर काढून पाहा. उजव्या आट्याच्या वर्मला खाचा उलट्या कलल्या तर टॅप दर दात्याची एक बाजू खाऊन टाकतो.

खाचा झाल्या की व्हील टूलपोस्टवर उभ्या पिनवर मोकळं फिरेल असं बसवा, जाडीचा मध्य बरोबर सेंटरच्या उंचीवर. टॅप चक आणि टेलस्टॉक सेंटरच्या मध्ये. हँड टॅपच्या संचातला तिसराच घ्या: पहिल्या दोघांचा व्यास बऱ्याच संचांत कमी असतो आणि पुढचे आटे निमुळते असतात. वेग ६० ते १०० आरपीएम, व्हीलच्या एका फेरीला ०.०५ ते ०.१ आत, भरपूर कटिंग ऑइल. पितळ किंवा गनमेटल व्हीलला उत्तम. खोली पुरेशी झाली की फीड न देता आणखी पाच-सहा फेऱ्या फिरू द्या; खाचांमधली बारीकसारीक असमानता तिथे बरीच निवळते, कारण टॅपचे अनेक आटे एकाच वेळी दात्यांना घासत असतात.

वर्म म्हणजे एम१४×२ चे आटे पाडलेला ब्राइट बार, लेथवर सिंगल पॉइंटने. वर्मचं हाउसिंग एका टोकाला बिजागरीसारखं ठेवा आणि दुसऱ्या टोकाला ढकलणारा स्क्रू लावा, म्हणजे बॅकलॅश (दात्यांमधला ढिलेपणा) हवा तितका काढता येतो आणि पूर्ण बाहेर झुलवून स्पिंडल मोकळाही करता येतो. तरीही फिरवायचं नेहमी एकाच दिशेने. भोक चुकून ओलांडलं तर तिथल्या तिथे मागे येऊ नका, अर्धी फेरी मागे जाऊन पुन्हा पुढून या.

३६ दात्यांसाठी ६० ÷ ३६ = एक फेरी आणि दोन तृतीयांश. वर्मच्या दांड्यावर लावलेल्या २१ भोकांच्या प्लेटवर (ती २१ पिनांवरून भाग पाडून करता येते) एक फेरी आणि १४ भोकं.

तिरपी खाच

ही १४ भोकं मोजताना पिन ज्या भोकात आहे ते शून्य. सेक्टरच्या (प्लेटवर भोकांची मोजणी धरून ठेवणाऱ्या) दोन हातांमध्ये दिसणारी भोकं पंधरा असतात. एकदा १४ दिसतील असे हात लावले की शेवटी दाते जुळत नाहीत आणि ब्लँक (ज्यावर दाते पाडायचे ती चकती) जातो. कटर न लावता आधी पूर्ण ३६ पावलं फिरवा, गिअरवर पेन्सिलीने खुणा करा, शेवटची खूण पहिलीवर पडली तरच कापा.

मायक्रोमीटर

आणि १२७ चं काय? मुळात तो लागतोच का, हे आधी तपासा. ६३ आणि ८० ची जोडी ८० ÷ ६३ = १.२६९८४ देते, हवं असतं १.२७ (इंच आणि मिमीचं नातं, २५.४ ÷ २०). फरक ०.०१२५ टक्के, म्हणजे १०० मिमी लांबीच्या आट्यात ०.०१२५ मिमी. नट-बोल्टला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ८० तुमच्याकडे आहे आणि ६३ करायला ६० ÷ ६३ = २० ÷ २१, तीच २१ ची प्लेट, दर दात्याला २० भोकं. मॉड्यूल १ चा ६३ दात्यांचा गिअर बाहेरून ६५ मिमी असतो, १२७ चा १२९ मिमी. छोट्या लेथच्या गिअर कव्हरमध्ये तो मावतो का हेही मोजून बघा.

वर्म आणि व्हील

आट्यांसाठी मान्य. लीडस्क्रू बनवायचा असेल तर मात्र १२७ च हवा, तिथे फरक लांबीबरोबर साठत जातो.

वर्म तयार असेल तर १२७ ची प्लेट अवघड नाही. पातळ सपाट स्टील टेपचा ५०८ मिमी तुकडा घ्या, ० पासून ५०८ पर्यंत, दर ४ मिमी एक भाग. साधारण १६१.७ मिमीची चकती टर्न करा आणि टेपची दोन टोकं फट न ठेवता भिडेपर्यंत थोडी थोडी कमी करा. टेपची जाडी सूत्रात घालत बसू नका, टोकं भिडणं हेच माप. ही चकती स्पिंडलच्या मागे, समोर बारीक तार आणि भिंग. हाताने जुळवून, लॉक करून, ११० मिमी वर्तुळावर १.८ मिमीची १२७ भोकं.

जुळवण्यात ०.२ मिमी चुकलात तर ८१ मिमी त्रिज्येवर ती ०.१४ अंश होते. या प्लेटवरून थेट गिअर कापू नका. ती वर्मच्या दांड्यावर लावा आणि दर दात्याला ६० भोकं पुढे जा. चूक साठाने भागली जाऊन ०.००२४ अंश उरते, कोनाचे सुमारे ८.५ सेकंद. आता राहते ती व्हीलची चूक, जी याहून मोठी असते. म्हणूनच व्हील पिनवर केंद्रात बसवण्यात घालवलेला वेळ प्लेटमध्ये घालवलेल्या वेळापेक्षा जास्त कामाचा.

साठ दाती

प्लेटऐवजी वर्मला स्टेपर मोटर लावायचा विचार कुणी करत असेल तर एकच सांगतो: दर पावलाची संख्या ठरवून ती १२७ वेळा मिळवू नका. २०० स्टेप, ८ मायक्रोस्टेप आणि ६० चा वर्म म्हणजे एका फेरीत ९६,०००. भागिले १२७ म्हणजे ७५५.९. दर वेळी ७५६ गेलात तर शेवटी १२ पल्स जास्त होतात. प्रत्येक स्थान शून्यापासून मोजून मगच पूर्णांक करा. आणि लॉक इथेही लागतंच.

ब्राइट बार

सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रम असा धरतो: मँड्रेल आणि लॉक, ड्रिलिंग स्पिंडल, २४ आणि २१ चे रोलर, मग वर्म. ५० रेषांची डायल सगळ्यात आधी करता येईल असं दिसतं. रेषा कोरताना काय सांभाळू?

सहा जबडे

मोटर बंद, प्लग काढलेला, टूल आडवं. ६० अंशाचं व्ही टूल कुशीवर वळवून धरा, टोक बरोबर सेंटरच्या उंचीवर; वर-खाली झालं तर रेषेची एक कड उचलली जाते. कॅरेज हाताने पुढे ढकलून शेपरसारखं कोरायचं. खोली ०.१५ मिमी, तीन कटांत. बेडवर कॅरेज स्टॉप लावा आणि त्याच्यासमोर ठेवायला दोन तुकडे, २ आणि ४ मिमीचे: तुकडा नसताना ७ मिमीची रेषा, २ चा ठेवला की ५ ची, ४ चा ठेवला की ३ ची. दर दहाव्या भागाला लांब, दर पाचव्याला मधली, बाकी लहान. आधी सगळ्या लांब रेषा एका फेरीत, मग मधल्या, मग लहान. तुकडे बदलताना होणारी चूक यात टळते.

परत येताना टूल रेषेतून ओढू नका, क्रॉस स्लाइड मागे घ्या आणि दर वेळी त्याच आकड्यावर परत आणा. १ मिमी पिचच्या स्क्रूवर ५० रेषा म्हणजे एक रेषा ०.०२ मिमी, व्यासात ०.०४. डायलवर दोन्हींपैकी कुठला आकडा लिहायचा ते ठोकण्याआधी ठरवा. बर काढायला बारीक सँडपेपर लाकडी पट्टीवर लावून चकमध्ये हळू फिरवत घासा, बोटाने दाबलात तर रेषांच्या कडा गोल होतात. मग काळा रंग भरून वरचा पुसून टाका.